बाईच्या बाथरूमचं इस्टिमेट

आमच्या नव्या बाथरूममध्ये मी पडलो, तेव्हा बाथरूमचं वय एक दिवस होतं आणि माझं पंचावन्न वर्षं. त्या अपघातात बाथरूमला काहीही झालं नाही.

मुळात ते बाथरूम माझ्यासाठी नव्हतंच. ते बाईसाठी होतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरी थोरल्या बहिणीला बाईच म्हणायची पद्धत. आई गेली तेव्हा मी अजून पाटीवर लिहीत होतो. त्यानंतर माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून त्याच डोक्यात टपल्या मारण्यापर्यंतचं सगळं काम बाईकडे आलं. लग्न होऊन ती पवनीला गेली, तेव्हा मलाही सोबत घेऊन गेली. (नवरीबरोबर साळाही कायमचा राहायला येतोय, हे भाऊजींना आधी कोणी सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही. आठवड्याभरात बाजारातून माझ्यासाठी वेगळं ताट तेवढं आणलं आणि त्यावर माझं नाव कोरून घेतलं.)

बाईला मूल झालं ते फार उशिरा. मनोज. अंगानं उंच, स्वभावानं भाऊजींवर गेलेला, म्हणजे कमी बोलणारा आणि बोलला की तोडून टाकणारा. बारावीनंतर एकदा बापलेकात कशावरून तरी जुंपली आणि तो बॅग घेऊन निघून गेला. सुरतेला आहे असं कळलं. नंतर कोणी म्हणालं हैदराबादला. सुरुवातीला फोन यायचे, मग नंबर लागेनासा झाला. मी सुरतेला जाऊन आलो, हैदराबादलाही जाऊन आलो, पोलिसांत तक्रार दिली, जिथे जिथे त्याचे मित्र होते तिथे चौकशी केली. हाती काही लागलं नाही. भाऊजी त्याची वाट पाहत पाहत गेले आणि बाई पवनीच्या घरात एकटी उरली.

मी भंडाऱ्याजवळ शहापूरला राहतो, हायवेपासून आत दोन गल्ल्यांवर. बायको सुनंदा भंडाऱ्याच्या एका शाळेत शिकवते. मुलगी नागपूरला शिकायला गेल्यापासून घरातली एक खोली रिकामी पडली होती. बाईचे गुडघे तोवर पार कामातून गेलेले. जेव्हा जेव्हा पवनीला जायचो, तेव्हा म्हणायचो, बाई, आता आमच्याकडे चल. तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

“येईन गा. पण तुह्या घरच्या संडासात मले बसनं होत नाई. बसली तं उठनं होत नाई.”

यात खोटं काही नव्हतं. आमचा संडास देशी होता आणि बाईला उकिडवं बसणं शक्य नव्हतं. पवनीला तिनं त्यावर उपाय शोधला होता. प्लास्टिकच्या एका खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं होतं, ती संडासावर मांडली की काम भागायचं. तीच खुर्ची घेऊन चल म्हटलं तर म्हणायची, भोकाची खुर्ची घेऊन एसटीत बसू का, लोक काय म्हणतील.

आता मी सरकारी बांधकामात नोकरी करणारा माणूस. शाळेची खोली, समाजमंदिर, नालीवरची पुलिया, जे म्हणाल त्याचं इस्टिमेट काढण्यात माझा जन्म गेला. जगातल्या प्रत्येक अडचणीचं इस्टिमेट निघतं आणि इस्टिमेट निघालं की अडचण अर्धी सुटते, अशी माझी श्रद्धा. बहिणीची अडचण संडासाची आहे ना, मग संडास बदलू. एका रविवारी मी टेप घेऊन आमच्या बाथरूममध्ये शिरलो, संडास आणि न्हाणी दोन्ही त्यातच, आणि दुपारपर्यंत इस्टिमेट तयार केलं. साठ हजार. त्यात देशी भांडं काढून कमोड बसवणं, बाजूच्या भिंतीला धरायला स्टीलचे दांडे आणि किरकोळ दुरुस्ती. सुनंदानं कागद मुलांचे पेपर तपासावेत तसा तपासला आणि परत दिला.

“आता फोडूनच राहिलो तं टाइल्सबी बदलून टाकू,” ती म्हणाली.

ज्यांनी घरचं काम काढलं आहे त्यांना ‘आता फोडूनच राहिलो तं’ या शब्दांची ताकद वेगळी सांगायला नको. या शब्दांनी आमच्या घरात वॉशबेसिन आलं, आरसा आला, टाइल्स छताला टेकल्या आणि साठाचे ऐंशी झाले. तरीही मी खूश होतो. बाईसाठी करतोय म्हटल्यावर खर्चाचं काही वाटत नव्हतं. (वाटत होतं, पण ते बोलून दाखवता येत नव्हतं.)

मी बाईला फोन करून सांगितलं की तुझ्यासाठी कमोड बसवतोय, आता कारण सांगायचं काम नाही.  ती म्हणाली, कमोड ठीक आहे, पण तुझ्या बाथरूमचा ओटा उंच आहे, पाय उचलत नाही. खरंच होतं. बाथरूमची जमीन घरापेक्षा वीतभर वर होती. मी इस्टिमेटमध्ये ओटा खाली घेतला. म्हणजे सगळी जमीन खोदणं आलं, सांडपाण्याचा पाइप नव्यानं टाकणं आलं. पुढच्या फोनवर ती म्हणाली, थंड पाण्यानं माझे सांधे धरतात. मी गीझर टाकला. त्यानंतर म्हणाली, दरवाजा आतून लावला आणि पडले तर कोण काढेल? मी दरवाजा बाहेर उघडणारा आणि कडी बाहेरूनही काढता येईल असा करायचं ठरवलं. मग म्हणाली, रात्री अंधारात बटण सापडत नाही. मी बटण बाहेर घेतलं, शिवाय माणूस आत गेला की आपोआप लागणारा दिवा. प्रत्येक फोननंतर मी उत्साहानं कागद काढायचो आणि एक ओळ वाढवायचो. बाईच्या अडचणी संपत नव्हत्या, माझे पैसे मात्र संपत आले होते. सुनंदा एकदा म्हणाली की बाईंना यायचं तरी आहे का, नीट विचारा. मी तिला म्हटलं, यायचं नसतं तर एवढ्या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या असत्या का?

काम केलं रामदास मिस्त्रीनं. तो वरठीहून मोटरसायकलवर यायचा, हत्यारांची पिशवी पेट्रोलच्या टाकीवर ठेवून. पहिल्याच दिवशी त्यानं जुनी टाइल काढायला छिन्नी लावली आणि दोन ठोक्यांत पलीकडे स्वयंपाकघर दिसू लागलं. तिथे सुनंदा भाजी परतत होती. ती कढईतून वर पाहते तर भिंतीतल्या भोकातून रामदासचा डोळा. भिंत एवढी पातळ कशी, असं रामदासनं मला विचारलं. ही भिंत मी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, त्यामुळे मी प्रश्न ऐकू न आल्यासारखं केलं. त्या भोकाचा खर्च वेगळा.

आमच्याकडे तेवढा एकच संडास. काम चालू असेतो आम्ही दोघं शेजारच्या टेंभुर्णे काकांकडे जायचो. काका एकटे राहतात, रिटायर्ड माणूस, त्यांना आनंदच झाला. ते आम्हाला आत सोडायच्या आधी चहा द्यायचे आणि तब्येतीची चौकशी करायचे. चौकशी मुख्यतः स्वतःच्या तब्येतीची. पोटात कळ घेऊन माणूस दुसऱ्याच्या मूळव्याधीची हकिकत किती शांतपणे ऐकू शकतो, ते मला त्या दिवसांत कळलं. सुनंदा तर शेवटी शेवटी सकाळीच आवरायला शाळेत जायला लागली. मुख्याध्यापकांनी तिच्या वेळेआधी येण्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

टाइल्स घ्यायची वेळ आली तेव्हा पैसे संपले होते. बाथरूमच्या जमिनीला खरखरीत टाइल लावायची असते, पाय सटकू नये म्हणून. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आजवरच्या प्रत्येक सरकारी इस्टिमेटमध्ये मी ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिली आहे. पण भंडाऱ्याच्या दुकानात कोपऱ्यात एक उरलेला माल पडला होता. पांढराशुभ्र, चकचकीत, वाकून पाहिलं तर स्वतःचा चेहरा दिसेल असा, आणि अर्ध्या किमतीत. दुकानदार म्हणाला, साहेब, ही बैठकीची टाइल आहे, तुमच्या बाथरूमला बैठकीचा लूक येईल. मी हिशेब केला. इतका सगळा खर्च डोळे मिटून केलेला, निदान एका ठिकाणी तरी आपली हुशारी दिसावी असं वाटलं. मी ती टाइल उचलली. रामदासनं लावताना एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, एवढा साहेब माणूस आहे, त्यानं विचार केला असेल.

शुक्रवारी काम संपलं. मी पवनीला फोन लावला आणि सांगितलं की सगळं तयार आहे, रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे बांधून ठेव. बाईला आता सांगायला काही उरलं नव्हतं. मी वाट पाहत होतो, अजून एखादी अडचण सांगेल म्हणून. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. तिचा आवाज मला बारीक वाटला. मी समजलो, भरून आलं असेल.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की बाई यायच्या आधी बाथरूमची चाचणी घेतली पाहिजे. गीझर लावला, साबण लावला आणि आरशात स्वतःला पाहत एक पाऊल मागे सरकलो. पुढचं सांगायला जेवढा वेळ लागेल त्याच्या कितीतरी कमी वेळात ते घडलं. दोन्ही पाय एकाच वेळी दोन दिशांना गेले. बाईसाठी बसवलेला स्टीलचा दांडा मी घट्ट पकडला, आणि तो माझ्याबरोबर खाली आला. (दोन दिवस त्याला हात लावू नका, सिमेंट ओलं आहे, असं रामदास सांगून गेला होता.) घोट्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी त्या पांढऱ्याशुभ्र जमिनीवर दांडा छातीशी धरून पडून राहिलो. दरवाजा बाहेर उघडत होता म्हणून सुनंदा आत येऊ शकली. संपूर्ण इस्टिमेटमधली तेवढी एक गोष्ट त्या दिवशी उपयोगी पडली. तिनं आधी माझ्यावर टॉवेल टाकला, मग टेंभुर्णे काकांना हाक मारली. तो क्रम योग्य होता.

भंडाऱ्याला नेलं. घोट्याची दोन हाडं मोडली होती. प्लॅस्टर चढलं आणि दीड महिना पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सुनंदानं बाईला कळवलं की उद्या तुम्हाला न्यायला येता येणार नाही, असं असं झालं.

त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत आमच्या दारात ऑटो थांबला. मी पलंगावर होतो, खिडकीतून दिसलं. आधी एक पिशवी उतरली, मग एक प्लास्टिकची खुर्ची उतरली, मधोमध भोक असलेली, आणि मग ती खुर्ची टेकत टेकत बाई उतरली. गेली तीन वर्षं जिला मी आणू शकलो नव्हतो, ती पवनीहून भंडाऱ्यापर्यंत एसटीत ती खुर्ची घेऊन आली होती. गाडीला गर्दी होती म्हणे. कोणी जागा दिली नाही, तेव्हा तिनं मधल्या वाटेत स्वतःचीच खुर्ची मांडली आणि तीवर बसून आली.

आत येऊन तिनं माझा पाय पाहिला.  माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग सवयीनं त्याच हातानं एक टपली मारली.

दुसऱ्या दिवसापासून घर तिच्या ताब्यात गेलं. सुनंदाच्या रजा चार दिवसांत संपल्या. त्यानंतर दिवसभर मी आणि बाई. त्या चकचकीत जमिनीवर तिनं गोणपाट अंथरलं, त्यावर आपली खुर्ची ठेवली, खुर्चीच्या पायांना जुन्या रबरी चपलांचे तुकडे बांधले आणि मला त्यावर बसवून आंघोळ घालायला लागली. पंचावन्न वर्षांचा सरकारी अधिकारी, प्लॅस्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून भोकाच्या खुर्चीत बसलेला, आणि सदुसष्ट वर्षांची बहीण मग्यानं पाणी ओतते आहे. ती अजूनही कानामागे तसंच खसाखसा घासते. मी तसाच ओरडतो.

कमोडचं उद्घाटनही मीच केलं. बसणं जमायचं, उठणं जमायचं नाही. बाई दाराबाहेर स्टुलावर बसून राहायची. झालं म्हटलं की आत यायची, माझ्या काखेत हात घालायची आणि दोघं मिळून जोर करायचो. तिचे गुडघे कटकट वाजायचे. तिचे गुडघे आणि माझा एक पाय मिळून कसाबसा एक माणूस उभा राहायचा. हे सगळं बाईसाठी बांधलं आहे, याची आठवण मला दिवसातून निदान एकदा तरी व्हायची.

ती स्वतः मात्र त्या बाथरूममध्ये सहज वावरत होती. कमोड वापरला, गीझर वापरला, कशाचीच तक्रार नाही. चांगलं केलंस म्हणाली. मला वाटलं, आता झालं, आता बाई इथेच राहील. फक्त संध्याकाळ झाली की ती बेचैन व्हायची. पवनीच्या शेजारणीला फोन लावायची आणि दोनच गोष्टी विचारायची: दार उघडून ठेवलं होतं ना, आणि अंगणातला दिवा लावला का. तिनं घर शेजारणीवर सोपवलं होतं. रोज सकाळी घराचं दार उघडायचं, अंधार पडल्यावर दिवा लावायचा, झोपायच्या वेळी दार लोटून घ्यायचं, असं तिला बजावून आली होती. रिकाम्या घराचं दार दिवसभर उघडं कशाला, चोरी व्हायची, असं मी म्हटलं. त्यावर तिनं विषय बदलला.

एका सकाळी मी कमोडवर होतो आणि ती दाराबाहेर स्टुलावर मेथी निवडत होती. दार थोडं लोटलेलं. मी आतूनच म्हटलं, बाई, आता प्लॅस्टर निघालं तरी तू जायचं नाही, तुझं सामान आणून टाकू, घराला कुलूप लावू.

बाहेर मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज चालूच होता.

“कुलूप नाई लावत मी,” ती म्हणाली. “मनोज आला अन् कुलूप दिसलं तं? बाप तं नाईच. मायबी नाई म्हनून वापस जाईन तो.”

मी म्हटलं, शेजारी आहेत, ते सांगतील, आपला नंबर देतील.

“तो कोनाले इचारनार नाई. तुले सोभाव मालूम नाई का त्याचा? दारातूनच वापस जाईन.”

“मंग संडासाचं काहून सांगत होती तू मले?”

“दुसरं काय सांगू? मनोजचं म्हटलं असतं तं तू समजावत बसला असता. आता येत नाई तो, असं म्हटलं असतं तू. ते आयकाचं नव्हतं मले.” काड्या मोडायचा आवाज थांबला. “संडासाचं सांगतलं तं तू गप बसत होता. मले का मालूम, तू खरंच बांधशील.”

असं काही ऐकल्यावर माणूस उठून बाहेर जातो, निदान खिडकीपाशी तरी उभा राहतो. मला उठायलाही तिचाच हात लागत होता. मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिलो. ओटा, गीझर, दरवाजा, दिवा. मी जी प्रत्येक ओळ आनंदानं वाढवली होती, ती तिनं मला थांबवायला टाकली होती, आणि मी एकेक ओलांडून पुढे गेलो होतो. आता येत नाही तो, असं मी खरंच म्हणालो असतो. सुरतेहून परत आलो तेव्हाच मनातल्या मनात म्हणून झालं होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, झालं का. मी झालं म्हटलं. ती आत आली, काखेत हात घातला आणि मला उभं केलं. 

प्लॅस्टर निघालं, मी काठी घेऊन चालायला लागलो आणि बाईनं पिशवी भरली. मी थांब म्हटलं नाही. सुनंदाला ते कळलं असावं, तिनंही म्हटलं नाही, नुसती पिशवीत काय काय कोंबत राहिली. भाड्याची गाडी करून आम्ही तिला पवनीला सोडायला गेलो. भोकाची खुर्ची मागच्या सीटवर सुनंदाच्या मांडीवर होती. गाडी गल्लीत वळली तशी बाई पुढे झुकली. घराचं दार उघडं होतं, शेजारीण अंगणात उभी होती. तिनं बाईकडे पाहून नुसती मान हलवली, आडवी. बाई ‘बरं’ म्हणाली, उतरली, पदर खोचला आणि झाडू शोधायला लागली.

घरी परतताना सुनंदा म्हणाली की ते सगळं तिकडेच बांधून द्यायला पाहिजे होतं. ही गोष्ट एवढ्या महिन्यांत माझ्या डोक्यात आली नव्हती. बाईची अडचण पवनीला होती आणि मी तिचं इस्टिमेट शहापूरला काढलं होतं. आम्ही नोकरीतही असं करतो. पाणीटंचाई एका गावात आणि टाकी दुसऱ्या गावात. पण तिथे निदान वरून दबाव असतो.

दिवाळीनंतर रामदासला घेऊन मी पवनीला गेलो. बाई आधी नको म्हणाली. मी म्हटलं, हे तुझ्या घरातच आहे, कुठे जायचं नाही, कुलूप लावायचं नाही. मग तिनं होकार दिला. या वेळी काही वाढलं नाही. कमोड, दांडे, खरखरीत टाइल. दांडे दोन दिवस कोणी धरू नये म्हणून मी स्वतः बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. काम संपत आलं तेव्हा बाईनं मला बाजूला घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं. शॉवर पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, बाई, तू खुर्चीवर बसून मग्यानं आंघोळ करतेस, तुला शॉवर कशाला?

“माह्यासाठी नाई,” ती म्हणाली.

मी रामदासला शॉवर आणायला पाठवलं. तो घेऊन आला आणि कुठे लावू म्हणून विचारलं. सगळीकडे लावतात तेवढ्या उंचीवर त्यानं खूण केली. बाई आत आली, खुणेकडे पाहिलं आणि म्हणाली, अजून वर. रामदासनं वीतभर वर खूण केली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात वर नेला आणि हवेत कुठेतरी तळवा धरला, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा. मनोज गेला तेव्हा एवढा होता. मग जरा विचार करून तिनं तळवा चार बोटं वर उचलला. त्या वयात वाढतात पोरं, म्हणाली. रामदास त्या हाताकडे पाहत राहिला, मग स्टुलावर चढला आणि तिच्या तळव्याच्याही वर भोक पाडलं.

पवनीचं बोअरचं पाणी जड आहे. शॉवर वापरात नसला की त्याची भोकं क्षारानं बंद होतात. म्हणून महिन्यातून एकदा मी शहापूरहून पवनीला जातो, स्टुलावर चढून शॉवर काढतो, चिंचेच्या पाण्यात भिजवतो, टाचणीनं एकेक भोक मोकळं करतो आणि परत बसवतो. मग चालू करून पाहावा लागतो. तो एवढा उंच लागला आहे की त्याचं पाणी कुठे पडेल याचा अंदाज मला अजून आलेला नाही. मी दर वेळी भिजतो. बाई टॉवेल घेऊन दारात उभी असते आणि चालतो ना म्हणून विचारते. चालतो म्हणून सांगतो. मग ती चहा टाकते आणि मी ओल्या शर्टानं अंगणात उन्हात बसून राहतो.

नोकरीत मी पुष्कळ गोष्टी बांधल्या. त्यातल्या किती तरी पुढे कोणी वापरल्या नाहीत, आणि मीही कधी मागे वळून पाहिलं नाही. आजवरच्या माझ्या सगळ्या कामांत, बांधल्यावर नियमित देखभाल होते असं हे एकच काम आहे; आणि ती मी स्वखर्चानं, कपड्यांसकट आंघोळ करून करतो.